आडव्या माणसाशी कोण बोलतं?

गेल्या महिन्यात माझी खालची दाढ ठणकायला लागली. घरगुती उपाय करून झाले, मग राजारामपुरीतल्या एका नव्या दवाखान्यात गेले. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर पांढऱ्याशुभ्र दातांनी हसणाऱ्या बाईचा मोठा फोटो. मी जाताना तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले होते. कुठेही काम असलं की मी असंच करते. निम्मं काम चिठ्ठीतच होतं.

मला खुर्चीवर आडवं केलं. तोंडावर दिवा आला. मास्क लावलेले एक तरुण डॉक्टर आले, नाव सांगितलं नाही, माझंही विचारलं नाही. आरसा आत घातला, मदतनीस मुलीला इंग्रजीत कसला तरी आकडा सांगितला, आणि मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याशी बोलायला लागले.

"काका, मुळापर्यंत गेलंय. रूट कॅनाल करावं लागेल. वर कॅप येईल."

हे मान डोलावत होते. दाढ माझी, ठणका माझा, आणि समजावणं चाललं होतं यांना. का? तर हे उभे होते आणि मी आडवी होते. चिठ्ठी मुठीत चुरगळली. मी हाताने दिवा बाजूला केला, उठून बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, दाढ इकडे आहे."

ते दचकले. वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नसावं. आणि मला संताप आला तो त्याचाच. एवढी वर्षं शिकवतात, दाताच्या मुळाला किती फाटे असतात ते शिकवतात, त्या दाताभोवती एक माणूस असतो हे कुणीच कसं शिकवत नाही?

डॉ. रेहाना शिकलगार असत्या तर त्या मुलाला त्यांनी तिथेच धारेवर धरलं असतं. "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विळ्या-कात्र्यांना धार लावायचं काम," असं त्या स्वतःच सांगायच्या, "मी तेवढी दाताकडं वळले. जिभेची धार मात्र घरचीच हाय."

शाहूपुरीत एका सायकल दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना होता. मी तिथे बरीच वर्षं काम केलं. वेळा देणं, सामान मागवणं, कुणाला कधी परत बोलवायचं ते बघणं, हे माझं खातं. बाई ठेंगणी, अंगाने भरलेली, केस मानेवर घट्ट बांधलेले. आवाज असा, की खालच्या दुकानात पंक्चर काढणारा वर बघायचा. चहात तीन चमचे साखर घालायच्या आणि कुणी टोकलं तर म्हणायच्या, "मी उपदेश करत नाही, मी दात करते."

मॅडम पेशंटला नावाने हाक मारायला स्वतः बाहेर यायच्या. आत नेल्यावर खुर्ची सरळ ठेवायच्या, पेशंटला ताठ बसवायच्या, आपलं चाकाचं स्टूल ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसायच्या आणि मास्क हनुवटीखाली ओढायच्या. "बोला," म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. एरवी तोंडाला उसंत नसलेली बाई, पण त्या वेळी चिडीचूप. माणूस अडखळायचा, विषय सोडून शेजाऱ्याच्या म्हशीवर जायचा, परत दाढेवर यायचा. त्या थांबायच्या. मी दारातून घड्याळाकडे बोट दाखवायचे, त्या माझ्याकडे बघायच्याच नाहीत.

मग त्या सांगायच्या. दात कुठे किडलाय, काय करावं लागेल, किती दुखेल. "काही होत नाही, घाबरू नका" हे वाक्य आमच्या दवाखान्यात बंद होतं. त्या म्हणायच्या, "काही होत नसतं तर तो आलाच कशाला असता?" इंजेक्शनच्या आधी स्पष्ट सांगायच्या: "मधमाशी चावल्यागत होणार. मग ओठ जाड वाटणार, खरा जाड होत न्हाई, आरशात बगा हवं तर."

आणि सगळ्यात शेवटी परीक्षा. हे नाव आम्ही ठेवलं होतं. मॅडम सगळं सांगून झाल्यावर हाताची घडी घालून बसायच्या. "आता तुम्ही मला सांगा. मी काय करणार हाय तुमच्या तोंडात?" पेशंटने आपल्या शब्दांत उलटं सांगितल्याशिवाय खुर्ची आडवी व्हायची नाही. नीट सांगता आलं नाही तर चूक पेशंटची नाही, मॅडमची. मग त्या पहिल्यापासून दुसऱ्या पद्धतीने सांगायच्या.

लोक वैतागायचे. "दात काढायला आलोय, शाळंत न्हाई," असं एक जण तोंडावर म्हणाला होता. बाहेर बाकावर बसलेले कुरकुरायचे, "आत दात काढालेत का लगीन ठरवालेत?" कित्येक जण उठून दुसरीकडे गेले. मॅडमना त्याचं वाईट वाटायचं, त्या फणकारायच्या, पण परीक्षा काही सोडली नाही.

बिद्रीकडचे सर्जेराव म्हणून एक जण होते. कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचे. ऐन हंगामात गाल सुजवून आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, सगळंच काढून टाका. एक बी ठेवू नका."

"का वं? दातांनी काय घोडं मारलं?"

"त्या डॉक्टरकडं हेलपाटं मारून मारून कटाळलो की! आज या, परवा या, पुढच्या आठवड्यात या. दर टायमाला नुसतं कायतरी आत खुपसतंय आन्‌ बुजवतंय. कशाला ते न्हाई सांगटलं. म्या म्हटलं, ह्यो धंदा करालाय. जाणंच सोडलं."

मॅडमचे कान लाल झाले. तो रोष सर्जेरावांवर नव्हता. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस? उपचार बरोबर चालला होता. एक वाक्य सांगितलं नाही म्हणून माणूस दाढ घालवून बसणार होता." मग सर्जेरावांकडे वळल्या. "ऊस बाहेरनं हिरवागार आणि मधनं चिरला तर लालभडक, असा बगितलायसा न्हवं?"

"बगितलाय की. त्यो सगळा वायाच."

"तुमची दाढ तशी झालीया. खरं ती वाया जायची गरज न्हाई." आणि कागदावर दाढ काढून दाखवली, आतल्या नळ्या, मुळाशी साठलेला पू.

परीक्षेची वेळ आली. सर्जेराव उसाचा फड मोजावा तसे बोटांवर मोजत म्हणाले, "आतलं सडकं कोरून काढायचं. नळ्या धुवायच्या. मग बुजवायचं. वर टोपी."

"आणि एका दिवसात का न्हाई?"

"आत पू असताना बुजवलं तर आतनं फुगंल. म्हणून पयला त्यो वाळू द्यायचा." थोडं थांबून ते म्हणाले, "आयला, एवढंच व्हतं व्हय? मग त्या बाबाच्या तोंडात काय गूळ धरलावता काय?"

तोंडात हात असताना प्रश्न विचारायचा नाही, हा मॅडमचा आणखी एक कायदा. आमच्याकडे श्वेता नावाची नवी डॉक्टर आली होती, गोड स्वभावाची. दाढ कोरता कोरता एका काकांना विचारत होती, मुलं काय करतात, गावाकडे पाऊस कसा आहे. काका आपले "आं, आं" करत होते. काका गेल्यावर मॅडमनी श्वेतालाच खुर्चीवर झोपवलं, दोन बोटं तिच्या तोंडात घातली आणि विचारलं, "लग्न कधी करतेस? मुलगा कुठला? आईला पसंत आहे का?"

"आं... आं..."

"आजऱ्याचा? बरं बरं. आणि पगार?"

श्वेता हसता हसता रडकुंडीला आली. मॅडमनी हात काढला आणि एकदम गंभीर झाल्या. "काकांनी दोनदा डावा हात उचलला होता. दुखत असेल. तू गप्पा मारत होतीस म्हणून तुला दिसलं नाही." श्वेता ते विसरली नसणार. मीही नाही.

पण मॅडमचा खरा अंगार बघितला तो आनुबाईंच्या वेळी.

आनुबाई मलकापूरजवळच्या वाडीतल्या. साठी उलटलेली, बांधा काटक, आठवडे बाजारात मिरची-लसूण विकायच्या. सोबत मुलगा आणि सून. मुलगा, संभाजी, हायस्कुलात शिक्षक. आईच्या आधी तोच बोलू लागला.

"तिला भाकरी झोंबते. तोंडही नीट उघडत नाही. दोन महिने..."

"सर, भाकरी कोण खातंय? तुम्ही का त्या?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दोघं बाहेर बसा."

संभाजी सरांना ते लागलं, पण गेले. आनुबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आधी त्या दुसऱ्या एका दंतवैद्याकडे जाऊन आल्या होत्या. त्याने तोंड उघडायला लावलं आणि भरल्या बाकांसमोर, सुनेच्या देखत ओरडला होता, की ही असली घाण लावता आणि मग आमच्याकडे येता. त्या दिवसापासून आनुबाईंनी तोंड मिटलं होतं.

घाण म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. आमच्या भागात बायका सकाळी चुलीपुढे बसून ती बोटाने दातांवर घासतात, काही जणी मग गालात धरूनही ठेवतात. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर कुठलीही बाई नाही म्हणेल, आणि ते खोटं नसतं. तंबाखू गडी माणसं खातात. बायका दात घासतात. मॅडमची आई मिश्री लावायची. त्यामुळे त्यांनी तसं विचारलंच नाही.

"मावशी, मिश्री कुठल्या अंगाला धरता? डाव्या का उजव्या?"

आनुबाईंनी पदर खाली घेतला. "डाव्या. आय बी डावीकडंच धरायची."

डाव्या गालात आत पांढरा चट्टा होता, मधे चिरलेला. मॅडमनी आनुबाईंच्या हातात आरसा दिला, चट्टा दाखवला, हा वाईटही असू शकतो म्हणून बारीक तुकडा तपासायला पाठवायचा, असं सांगितलं. आनुबाईंनी सगळं उलटं बरोबर सांगितलं. रिपोर्टला स्वतः यायचं ठरलं.

आला मुलगा. एकटाच. रिपोर्ट त्याने लॅबमधून परस्पर आणला होता, उघडला होता, वाचला होता. आपल्याकडे पावती दाखवेल त्याच्या हातात कुणाचंही मरण ठेवतात. त्याचा चेहरा उतरला होता. गालाचा कॅन्सर. सुरुवातीचा, पण कॅन्सर.

"मॅडम, एक विनंती आहे. आईला यातलं काही सांगू नका. दाढेचं ऑपरेशन आहे म्हणा."

"आणि शुद्धीवर आल्यावर अर्धा गाल नसेल तेव्हा काय म्हणू? दाढेबरोबर निघाला?"

"तिला सहन होणार नाही."

"कुणाला सहन होणार नाही, सर? नीट सांगा."

संभाजी सर उठले. "तुम्हाला आमच्या घरचं माहीत नाही. आम्ही बघतो आमचं." रिपोर्ट घेऊन गेले.

मॅडमनी एका कॅन्सरच्या सर्जनांशी बोलून वेळ घेऊन ठेवली होती. ठरल्या दिवशी तिकडे कुणी गेलं नाही. मी फोन केला. नोंदवलेला नंबर मुलाचाच होता. आईला जरा बरं नाही, नंतर बघू, असं उत्तर मिळालं. परत केला, कुणी उचलला नाही. मॅडम रोज विचारायच्या, "आल्या का?" आणि मी मान हलवली की हातातलं काहीतरी आपटायच्या. "हे दुखणं कुणाच्या सोयीनं थांबतंय होय? तिचं तोंड, तिचा जीव, आणि तिलाच सोडून सगळ्यांना माहीत. लॅबच्या पोऱ्याला माहीत, तुला माहीत, मला माहीत!"

रविवारी त्यांनी मला गाडीत घातलं आणि मलकापूरचा रस्ता धरला. बाई गाडीही रागातच चालवायची. बांबवड्यापर्यंत मी डोळे मिटून होते.

आनुबाई अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. संभाजी सर घरातून धावत बाहेर आले. "तुम्ही इथं? हे बरोबर नाही, मॅडम. तुम्ही मर्यादा सोडताय."

"तुमच्याकडं न्हाई आलो आम्ही. ह्यांच्याकडं आलोय." मॅडम सरळ मिरच्यांच्या ढिगाशेजारी, जमिनीवर बसल्या. "मावशी, तुमचा रिपोर्ट आलाय. तुमास्नी ऐकायचाय का? नको म्हणालासा तर उठून जातो. तुम्ही म्हणायचं, दुसऱ्यानं न्हाई."

आनुबाईंनी देठ खुडायचं थांबवलं नाही. "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?" सर ओरडले.

"कुणी सांगाय पायजे व्हय? गेलं पंधरा दिस सून माझ्यासंगं एकदा बी भांडली न्हाई. गरम भाकरी, वर तूप. तवाच म्या वळखलं." मग मॅडमकडे वळून म्हणाल्या, "वाईट हाय एवढं कळलं. खरं पुढं काय करायचं असतंय, ते कुणी बोलंना. सांगा तुम्ही."

मॅडमनी सांगितलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाही गिळला नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. सून आत पदरात तोंड घालून रडत होती. सांगून झालं, आणि मला वाटलं, आज तरी त्या परीक्षा घेणार नाहीत. पण त्यांनी हाताची घडी घातली.

"आता तुम्ही मला सांगा, मावशी."

"गालात कॅन्सर झालाय," आनुबाई म्हणाल्या. "हाय तितंच हाय, पसरल्यागत दिसत न्हाई, खरं मोठं डॉक्टर बगून सांगतील. तेवढा गाल कापायचा आन्‌ मांडीचं कातडं लावायचं. जेवाय येईल. बोलाय येईल, पयल्यासारकं न्हाई." त्यांनी आणखी एका मिरचीचं देठ खुडलं. "बाजारात वरडाय यायचं न्हाई मग."

"तसं न्हाई येणार बहुतेक," मॅडम म्हणाल्या.

"आन्‌ न्हाई कापला तर?"

"तर पसरणार. तोंड उघडणार न्हाई, गिळता येणार न्हाई. मग आमच्या हातात फार काही ऱ्हात न्हाई."

आनुबाईंनी हातातली मिरची ढिगावर टाकली आणि मुलाकडे बघितलं. रागाने नाही. "संभा, पंधरा दिस घालवलास की रं माझं."

संभाजी सर पायरीवर मटकन बसले. हायस्कुलातला धिप्पाड मास्तर, ओंजळीत तोंड घालून हमसाहमशी रडायला लागला. मॅडमची जीभ त्या वेळी चालली असती तर मला नवल वाटलं नसतं. पण त्या उठून सरांच्या शेजारी पायरीवर बसल्या. येताना गाडीत मात्र भडकल्या. "तो माणूस दुष्ट नाही गं. प्रेमानंच करत होता. प्रेमानं माणसं मारतात आपल्याकडं, आणि वर म्हणतात, तिला सहन होणार नाही!"

दुसऱ्या दिवशी आनुबाई सर्जनांकडे हजर झाल्या. ऑपरेशन झालं. सर्जनांनी म्हटलं, वेळेत आलात. वेळेत! त्या शब्दामागे एक रविवार होता, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. मी मात्र त्यानंतर नव्या पेशंटला विचारायला लागले, "तुमचा स्वतःचा नंबर काय?" घरच्यांना राग यायचा. येऊ दे.

पुढच्या वर्षी शाहूवाडीकडच्या एका शाळेत मुलांचे दात तपासायला आम्ही गेलो होतो. परतताना मलकापूरला बाजार भरला होता. मॅडमनी गाडी थांबवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडम आपल्या मुलीकडे नाशिकला गेल्या आणि तिकडेच, झोपेत, गेल्या. दवाखाना मिटला. त्यामुळे मला दिसणाऱ्या मॅडम त्या बाजारातल्याच आहेत.

आनुबाई आपल्या जागेवर बसल्या होत्या. डावा गाल आत ओढलेला, ओठाचा कोपरा किंचित वर. समोर मिरची आणि लसणाचे वाटे. मॅडमना बघून डोळ्यांनी हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. शब्द जड, घोगरे. मला पहिल्यांदा कळले नाहीत. मॅडमना कळले. त्या वाकून मिरच्या बघायला लागल्या.

तेवढ्यात टोपीवाला एक गिऱ्हाईक आला. "लसूण कसा दिला?"

आनुबाईंनी दर सांगितला. त्याला समजलं नाही. त्याने परत विचारलं, त्या परत बोलल्या. मग त्याने, सगळे करतात तेच केलं. आनुबाईंवरून नजर उचलली आणि शेजारी उभ्या असलेल्या नीटनेटक्या बाईला विचारलं, "ओ बाई, काय म्हणत्यात ह्या? दर काय?"

मला वाटलं, आता ह्या माणसाची धडगत नाही. अख्खा बाजार गोळा होणार. मॅडमना दर ऐकू आला होता, सांगणं सोपं होतं. फाडून खाणं तर त्याहून सोपं. त्यांनी त्या माणसाकडे एकदा बघितलं आणि सावकाश पाठ फिरवली. पूर्ण पाठ. पलीकडच्या कोथिंबिरीच्या जुड्या निरखत उभ्या राहिल्या, जणू त्यांना काही ऐकूच आलं नाही. मी तोंड उघडणार होते, माझं मनगट त्यांनी न बघताच घट्ट धरलं.

विचारायला कुणी उरलंच नाही. टोपीवाला घोटाळला. मग तो आनुबाईंच्या समोर उकिडवा बसला, त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मावशी, सावकाश सांगा. काय दर म्हणालासा?"

आनुबाईंनी सावकाश सांगितलं. या वेळी त्याला समजलं.

"लई सांगतीयास की! कमी कर."

आणि आनुबाई सुरू झाल्या. आवाज फुटका, शब्द अर्धे हवेत जाणारे, पण त्या माणसाचा बाप कधी लसूण पेरायला गेला होता का, इथपासून सगळं काढलं. तो कान देऊन ऐकत होता आणि हसत होता आणि वाद घालत होता.

मॅडम वळल्या नाहीत. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि हसू दाबताना गदगदणारे खांदे.